घराऐवजी सही

मी, खाली सही करणारा, वय सत्तावन्न, व्यवसाय वार्ताहर, अविवाहित, हे पूर्ण शुद्धीत लिहून देतो. मला रक्तदाब आहे. दबाव मात्र कुणाचा नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मृत्युलेख एक केला होता, त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल.

एक. माझे ग्रंथ, कपाटे दोन, शाळेच्या वाचनालयाला. व्याकरणाचे खंड खालच्या खणात ठेवावेत. डोक्यावर पडले तर लागतात.

दोन. लाल शाईचे पेन आमच्या उपसंपादकांना. वीस वर्षे त्यांनी माझी विशेषणे कापली. आता खुशाल कापावीत, हरकत घ्यायला मी नसेन.

तीन. माझ्या भाच्याला लोक ‘वादळ’ म्हणून ओळखतात. तो रॅप गातो. घरी हे वादळ उठून पंखासुद्धा लावत नसे. शाळेच्या सुट्टीत तो माझ्याकडे असायचा, आणि संस्कृत शब्दरूपे म्हटल्याशिवाय खेळायला सोडायचे नाही, हा माझा नियम होता. सुटका लवकर व्हावी म्हणून तो आठही विभक्ती एका दमात म्हणून दाराबाहेर पळे. पुढे समीक्षकांनी त्याच्या दमाचा उगम कुठेकुठे शोधला. तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आहे, एवढे इथे नोंदवतो. ताल धरून धरून त्याने टेबलाचा एक पाय खिळखिळा केला आहे. तो कुणी दुरुस्त करू नये.

चार. त्याला कीर्ती मिळाली, मग झोपेसाठी गोळ्या, मग गोळ्यांसाठी गोळ्या. एका कार्यक्रमाला त्याला धड उभे राहवत नव्हते, तरी आयोजकाने मंचावर ढकलले. तिसऱ्या गाण्याला तो कोसळला. या आयोजकाला माझ्याकडून काही देऊ नये, क्षमासुद्धा नाही.

आमच्या धंद्यात मोठा माणूस इस्पितळात गेला की त्याचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात. संपादक म्हणाले, “तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं?” मी लिहिला. चांगला लिहिला, हेच वाईट झाले. बरा होऊन तो मला भेटायला कचेरीत आला, तेव्हा कागद टेबलावरच होता. त्याने तो उभ्याउभ्या वाचला. “मामा, दुसरा अल्बम तिसऱ्या वर्षी आला. तेवढं दुरुस्त कर,” म्हणाला आणि गेला. त्यानंतर चार वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, हेही मला ताईकडून कळले.

पाच. ‘राहते घर भाच्यास’ असे इथे टंकलेले होते. ते रद्द. कारण असे की ठरलेले दुसरे साक्षीदार, आमचे औषधवाले, दाढदुखीमुळे आले नाहीत. भाचा आला होता. घर नको, हे सांगायला.

“साक्षीला मी बसतो,” तो म्हणाला.

“साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही हं,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग बरंच झालं. घर आईला द्या.”

“नीट विचार कर,” मी म्हटले. “डोक्यावरचं छप्पर जातंय.”

“तू शुद्धीवर आहेस, असं मी लिहून द्यायचं. अशी संधी सोडू होय, मामा?”

सबब घर, टेबलासह, माझ्या ताईला.

सहा. तो मृत्युलेख मी खिशात आणला होता. साक्षीदाराच्या नावे ठेवता येत नाही, म्हणून आत्ताच हातात दिला.

“अल्बमचं वर्ष?” त्याने विचारले.

“त्याच दिवशी दुरुस्त केलं.”

त्याने तो घडी न उघडता खिशात ठेवला आणि वकीलबाईंकडे पेन मागितले.

स्थळ: वकीलबाईंचे कार्यालय, दुसरा मजला. मंगळवार, एकोणीस तारीख, दुपारचे चार.

सही: मामा

साक्षीदार पहिली: कार्यालयातील टंकलेखिका. सही.

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते: मामाने माझ्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीवर आहे. मीही आहे. एकोणीस महिने झाले. सही: भाचा.