नळी न घालता लिहिलेला आकडा

मी, कै. मिस्त्रींची पत्नी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा गाड्यांच्या धुराची तपासणी आणि देखभाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गल्लीत मला 'धूरवाल्या बाई' म्हणतात आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. तब्येत ठणठणीत असताना एवढी घाई कशाला, असे डॉक्टर म्हणाले. मी म्हटले, गाडी बंद पडल्यावर सर्व्हिसिंगला आणणाऱ्यांपैकी मी नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सगळे मुलाच्या नावे होते. ते रद्द समजावे. ते का रद्द झाले, हे पुढे येईलच.

कलम १. राहते घर, म्हणजे केंद्राच्या वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची, माझ्या मुलाला द्यावे. तो याच घरात वाढला. गच्चीवरच्या टाकीची झडप उलटी फिरते, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मिस्त्रींचे पॉलिशचे मशीनही त्यालाच. तो गाड्या चकचकीत करून देण्याचे दुकान चालवतो आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने पुसलेल्या बोनेटमध्ये बघून भांग पाडावा. मात्र खालच्या मजल्यावर त्याचा हक्क राहणार नाही.

कलम २. खालचे धूर तपासणी केंद्र, तपासणीचे यंत्र, दोन्ही जॅक, हवेचा कंप्रेसर, पाण्याचा पंप, पान्यांची भिंतीवरची फळी आणि गाडीखाली उतरून काम करायचा जमिनीतला खड्डा, हे सर्व माझ्या सुनेला एकटीला द्यावे.

लग्न होऊन आली तेव्हा पेट्रोलच्या वासाने तिला उलट्या होत. मला वाटले, हिचा आणि आपल्या धंद्याचा छत्तीसचा आकडा. पुढे मिस्त्री आजारी पडले, तेव्हा ती ओढणी कमरेला खोचून खड्ड्यात उतरली, ती आजवर. आता गाडी दारात उभी राहण्याआधी ती सांगते की एक स्पार्क प्लग चुकतो आहे. मी नुसती मान हलवते, कारण माझे कान आता तेवढे राहिले नाहीत.

अट एकच. यंत्राची नळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये गेल्याशिवाय धुराचा आकडा लिहायचा नाही. गिऱ्हाईक मंत्री असो नाहीतर माझा मुलगा असो. हे पाळणे जमेनासे झाले, तर केंद्र बंद करावे आणि यंत्र विकून टाकावे. उपाशी राहावे, पण हे करू नये.

कलम ३. माझ्या नणंदेला माझी शिलाई मशीन द्यावी. माझ्या हाताला डिझेलचा वास येतो म्हणून तिने एकदा पाहुण्यांसमोर माझ्या हातचा चहा नाकारला होता. मशीन तेलपाणी करून, स्वच्छ पुसूनच पाठवावी. तेलाचा वास आला तर येऊ द्यावा.

कलम ४. हे कलम लांबेल. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात मिळकतीपुरतेच लिहायचे असते. मी म्हटले, हीही माझीच मिळकत आहे आणि मी ती लपवून ठेवली होती.

अकरा वर्षांपूर्वी थंडीत एक दिवस सकाळपासून दारात आठ गाड्या उभ्या होत्या. यंत्र तापायला वेळ लागतो आणि त्या दिवशी ते तापतच नव्हते. शाळेची व्हॅन चालवणारे, मिस्त्रींचे जुने दोस्त, रांगेत शेवटी होते. त्यांच्या सर्टिफिकेटची मुदत त्याच दिवशी संपत होती. शाळा सुटायची वेळ झाली होती. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली आडवे होते. तिथूनच त्यांनी मला सांगितले, "मागच्या वेळचाच आकडा टाक. गाडी आपल्या हातातली आहे."

मी तो टाकला. रजिस्टरमध्ये अक्षर माझे आहे.

नळी घातली असती तर आकडा स्थिर झालाच नसता. इंजिन आणि धूर शुद्ध करणारा डबा यांच्यामधल्या जोडाला चीर गेली होती. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि यंत्र लगेच दाखवते की गाडीच्या धुराच्या पाइपाला कुठेतरी भोक आहे. मी वाकून पाहिले असते. काजळीचा काळा पट्टा वीतभर लांब होता, नंतर तो सगळ्यांनीच पाहिला.

तीन आठवड्यांनी, गारठ्याच्या सकाळी, काचा बंद करून व्हॅन निघाली. आत सात मुले होती. धूर तळाच्या फटीतून आत येत होता आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. मुले पेंगायला लागली. व्हॅनवाल्यांना वाटले, पहाटे उठल्यामुळे झोपली असतील. शाळेच्या फाटकाशी तीन मुले उठेनात. त्यांनी तिघांना खांद्यावर टाकून धावत दवाखाना गाठला, आणि तिथे स्वतःच चक्कर येऊन पडले. दोघे संध्याकाळी घरी गेले. तिसरी, सहा वर्षांची मुलगी, नऊ दिवस दवाखान्यात होती. ती जगली. पण येत असलेली अक्षरे विसरली आणि तिला ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली.

चौकशी झाली. कागदावर गाडी तीन आठवड्यांपूर्वी स्वच्छ होती. म्हणजे व्हॅनवाल्यांनीच नंतर गाडी आपटली आणि ते लपवले, असे ठरले. ते पुन्हा पुन्हा सांगत होते की त्या दिवशी नळी घातलीच नव्हती. मिस्त्रींनी शपथेवर सांगितले की घातली होती. मला विचारले, तेव्हा मी मान डोलावली. तोंडाने खोटे बोलले नाही, अशी स्वतःची समजूत काढायला तेवढी पळवाट मी ठेवली होती.

व्हॅनवाल्यांचे लायसन्स गेले. व्हॅन भंगारात गेली. लोक त्यांना 'पोरांना धुरी देणारा' म्हणू लागले. ते एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये चिठ्ठ्या फाडायला बसू लागले आणि आमच्या गल्लीत पुन्हा आले नाहीत.

मिस्त्री वाईट माणूस नव्हते, हे मला लिहिलेच पाहिजे. त्यानंतर त्यांनी एकही गाडी खाली वाकून पाहिल्याशिवाय सोडली नाही. गुडघे गेले तरी फळकुटावर झोपून, सरपटत आत जायचे. पण आम्ही दोघांनी त्या आकड्याचा विषय घरात कधी काढला नाही. पाच वर्षे एका ताटात जेवलो आणि तोंडाला कुलूप लावून बसलो. ते तसेच गेले.

मीही तशीच गेले असते. पण मागच्या वर्षी मुलाने एक काम आणले. एका टॅक्सी कंपनीच्या साठ गाड्या, दर सहा महिन्यांनी. गाड्या यायच्या नाहीत, नुसते नंबरप्लेटचे फोटो येणार आणि आपण सर्टिफिकेटे काढून द्यायची. मी नाही म्हटले. सून भांडी आवरत होती. मुलगा चिडला नाही. तो अगदी समजुतीने म्हणाला, "आई, तू आणि बाबांनीही केलंच होतं की. मला माहीत आहे. काय झालं तुमचं? काहीच नाही झालं."

ते वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकले. आम्ही त्याला शाळेत घातले, पॉलिश शिकवले, लग्न करून दिले, आणि या सगळ्यात हेही शिकवून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर पिशवीत घालून पार्किंगवर गेले. व्हॅनवाल्यांनी मला ओळखले, पण खुर्ची दिली नाही, आणि मीही बसले नाही. मी सगळे सांगितले, पाया पडायलाही वाकले. ते मागे सरकले आणि म्हणाले, "वहिनी, माफी तुमच्याजवळच ठेवा. माझी चूक नव्हती, एवढं कागदावर पाहिजे. तुम्ही मेल्यावर नको. आत्ता."

मी त्याच दिवशी परिवहन कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, इतक्या वर्षांनी हे उकरून कोणाचे भले होणार? घरी जा, आराम करा. मी बाहेरच्या बाकावर बसले. तीन दिवस, उघडण्यापासून बंद होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सून डबा घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून राहिली. चौथ्या दिवशी जबाब लिहून घेतला. केंद्राला चार महिने सील लागले, दंड झाला, तो मी भरला. व्हॅनवाल्यांना निर्दोष असल्याचे पत्र मिळाले. लायसन्सही परत मिळणार होते, पण डोळ्यांच्या तपासणीत ते बसले नाहीत. तेवढी वर्षे मी परत देऊ शकत नाही.

त्या मुलीच्या घरीही मी गेले. तिच्या आईने साखळी न काढता, दाराच्या फटीतून सगळे ऐकून घेतले आणि दार लावून घेतले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मुलगा म्हणाला, मी त्याच्या बाबांचे नाव मातीत घातले. मी त्याला सांगितले, "नाव मातीतच होतं, मी फक्त वरची पॉलिश काढली." तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरते बोलतो. कधीतरी पूर्ण बोलेल. नाही बोलला तरी मी केले ते बरोबर केले.

रजिस्टरचे ते पान कार्यालयात जमा आहे. त्याची प्रत काचेत बसवून केंद्रात, यंत्राच्या बरोबर वर लावलेली आहे. ती कोणीही काढू नये.

कलम ५. बँकेतली माझी मुदत ठेव त्या मुलीला तिच्या शिक्षणासाठी द्यावी. तिच्या घरच्यांनी नाकारली तर आग्रह करू नये, त्यांना पुन्हा दार उघडायला लावू नये. मग ती सरकारी दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डाला द्यावी.

कलम ६. माझी गाडी. एकोणीस वर्षांची आहे आणि तिचा धूर नव्या गाडीला लाजवतो, कारण मी तिला वेळच्या वेळी पाहते. ती कोणाकडेही गेली तरी तिची निगा अशीच राहावी.

धुताना आधी साध्या पाण्याने धूळ वाहू द्यावी, मगच कापड लावावे. धुळीवर कोरडे कापड फिरवणे म्हणजे पुसणे नव्हे, ओरखडे काढणे आहे. चिखलातून आल्यावर खालूनही पाणी मारावे. वरून लखलखाट आणि खालून गंज, अशा गाड्या मी फार पाहिल्या, माणसेही. हवेचा फिल्टर झटकून पुन्हा पुन्हा वापरू नये, बदलावा. टाकी काठोकाठ भरू नये, पेट्रोलची वाफ शोषणारा डबा त्याने बिघडतो. ऑइल आणि प्लग मुदतीच्या आत बदलावे. सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो, ती दर सहा महिन्यांनी हाताने हलवून पाहावीत. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी लावू नये. नणंदेच्या जावयाने लावली होती आणि नंतर इंजिन बदलावे लागले. बंद जागेत इंजिन चालू ठेवून बसू नये. हे शेवटचे दोनदा वाचावे.

ही गाडी मी व्हॅनवाल्यांच्या मुलाच्या नावे लिहिली होती, म्हणजे व्हॅनवाल्यांना शेजारी बसून फिरता येईल. परवा मी त्यांना केंद्रात बोलावले. ते अकरा वर्षांनी गल्लीत आले. सुनेने खुर्ची पुढे केली, ते बसले. काचेतले पान त्यांनी चष्मा वर करून वाचले, बराच वेळ. मग मी म्हटले की गाडी तुमच्या घरी जाईल, आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सहीही तुम्हीच करावी अशी माझी इच्छा आहे. वकीलबाईंनी अडवले. ज्याच्या घरात मृत्युपत्राने काही जाणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोणीही बोट ठेवेल, असे त्या म्हणाल्या. दोन्हींतले एकच होईल.

व्हॅनवाले उठून गाडीपाशी गेले. वाकून त्यांनी सायलेन्सरचा जोड पाहिला, बोट फिरवून काजळी आहे का ते पाहिले, आणि हात पुसत परत आले.

"गाडी छान ठेवलीये, वहिनी," ते म्हणाले. "सुनेला द्या. तेव्हा मी खरं सांगत होतो आणि माझ्या बाजूने साक्षीला कोणी नव्हतं. आज तुम्ही खरं लिहिलंय, तर सही मी करतो."

म्हणून गाडी सुनेला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वरील मजकूर मी लिहिला, वाचला, तो बरोबर आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी खाली सही केली आहे. त्यांनी माझ्यासमोर केली आहे.

ठिकाण: धूर तपासणी केंद्र, तळमजला
दिनांक: आज, महिन्याची अकरा तारीख, सोमवार, सकाळी साडेदहा

(सही) धूरवाल्या बाई

साक्षीदार १: (सही) डॉक्टर, गल्लीतला दवाखाना

साक्षीदार २: (सही) शाळेच्या व्हॅनचे चालक