स्वतःचंच नाव

प्रिय लेना,

रविवारपासून तुझं दार बंद आहे. काल मी दोनदा हाका मारल्या. तू आत होतीस, बिटाच्या सुपाचा वास बाहेरपर्यंत येत होता. समोरासमोर बोलायचं बळ माझ्यातही नाही, म्हणून एकाच गल्लीत राहून ही चिठ्ठी लिहितेय. वाचलीस की चुलीत घाल.

मला भीती वाटते गं. कुत्रं भुंकलं तरी मी दिवा विझवते. आजोबांनी रशियातल्या उरलच्या माळावर आपली ही मूठभर ख्रिस्ती मंडळी उभी केली, तेव्हा ज्याच्या घरचा माणूस उपदेशक निवडला जाई, त्या घरी गोडधोड व्हायचं. आता त्या घरातल्या बायका लोकरीचे जाड मोजे विणायला बसतात. उपदेश केला म्हणून यानकाकांना पोलिसांनी उत्तरेच्या थंडीत, छावणीत नेलं, मागोमाग हेन्रिककाकांना. दोघांची काही खबर नाही. तरी देवाचं वचन सांगायला कुणीतरी हवंच, आणि निवडलेल्यानं नाही म्हणायचं नाही ही आपली रीत.

रविवारी नव्या उपदेशकासाठी मतं घ्यायला शेजारगावचे दिर्ककाका आमच्या स्वैपाकघरात बसले. सात पुरुष एकेक करून आत गेले आणि त्यांच्या कानात नाव सांगून आले. दिर्ककाका बाहेर आले ते डोळे पुसतच. म्हणाले, "अरे पोरांनो, एवढे गर्विष्ठ लोक मी जन्मात पाहिले नाहीत! जो येतो तो स्वतःचंच नाव सांगतो!" आपल्यात स्वतःचं नाव पुढे करणं म्हणजे पाप, आणि सहाजणांनी ते केलं, दुसऱ्याला वाचवायला. सातव्यानं मात्र माझ्या कोर्नेलियसचं नाव दिलं. त्याची दोन मतं झाली आणि तोच निवडला गेला.

तुझा इसाक टोपी चुरगाळत उभा होता. त्यानं मान वर केली नाही, तेव्हाच मी समजले. आपण कुणाला शपथ घालत नाही, पण त्याचा हात पोटातल्या बाळावर ठेवून तू काय म्हणाली असशील ते मला कळतं. मीही कोर्नेलियसला तेच म्हणणार होते. जीभ रेटली नाही, इतकंच.

कोर्नेलियस म्हणतो, "इसाकला सांग, भजनाचा सूर त्यालाच धरावा लागेल. मी गायलो तर गाई दावं तोडतील." हसतो, आणि मी विणत असलेला मोजा पायाला लावून बघतो.

लेना, मी भांडायला लिहिलेलं नाही. येत्या रविवारी कोर्नेलियस पहिल्यांदा उपदेशाला उभा राहील, आणि बाहेर पोलिसांची गाडी वाजली तर मी किंचाळेन. बायकांच्या बाकावर मला एकटीनं बसवणार नाही. तू ये. माझा हात घट्ट धर.

तुझीच भेदरलेली ताई,
अगनेता