चादरी वाळत घालायची वेळ

२४ फेब्रुवारी, दुपार
लॉन्ड्रीतून

प्रिय मास्तरीणबाईंस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझे बाबा ठीक, मी ठीक, मालकीणबाई नको तितक्या ठीक. तुझी तब्येत कशी आहे? शाळेतली पोरं त्रास देत असतील तर कळव, येऊन एकेकाचे कान उपटतो.

तू विचारलंस, "हवा कशी आहे, खरं लिही. फोनवर तू थापा मारतोस, कागदावर तुला ते जमत नाही." या शुक्रवारी शाळेला कायमच्या नोकरीचं हो-नाही सांगायचंय, तेही वाचलं. हवा सुधारली असेल तर नोकरी सोडून कायमची वर येईन, असंही लिहिलंयस. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

तर हवा. बरी आहे.

बरी म्हणजे दुपारी बरी. सकाळचं तुला माहीतच आहे. चारी बाजूंनी डोंगर आणि तळाशी आपण. रात्रभर उतारावरून थंड हवा खाली येऊन बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. चुलींचा, वीटभट्टीचा, आमच्या बंबाचा धूर वर जातो, झाकणाला टेकतो आणि आडवा पसरतो. ऊन तळापर्यंत पोचलं की मगच ते हलतं. आम्ही चादरी तेव्हाच वाळत घालतो. मालकीणबाई गच्चीवर उभ्या राहून समोरचा डोंगर दिसायची वाट बघतात आणि ओरडतात, "दिसला रे! घाल!" त्याआधी घातलेली चादर काळे ठिपके घेऊन खाली येते. मग पुन्हा धुवा. "कॉलेज सोडून आलास ना? घास आता!" हे त्यांचं आवडतं वाक्य.

त्यांना काय सांगू! तुझ्यासाठी मी कॉलेज अर्धवट सोडून वर आलो आणि त्याच हिवाळ्यात दम्याने तुला खाली पाठवलं. असा मुहूर्त साधणारा दुसरा सापडायचा नाही.

थंडी सरली की हवा मोकळी होते, असं आपण धरून चाललो होतो. खिंडीतून वारा सुटलाही. पण पलीकडच्या उतारांवर लोकांनी वाळलं गवत पेटवायला घेतलंय आणि वारा तोच धूर आत आणून ओततो. गेल्या आठवड्यात चादरी खोलीतच वाळवल्या. पुढे कडक उन्हाळ्यात रस्त्याची धूळ. पावसात हवा काचेसारखी होते, हे खरं. पण तेव्हा दरड कोसळून रस्ता बंद, आणि तुला धाप लागली तर मोठा दवाखाना खाली. तुझ्यासाठी वर्षातला कुठला महिना चांगला, ते बोटांवर मोजत बसलो. एकही हाताला लागला नाही.

भट्टीवाल्याशी माझं वाजलं. हे सांगणार नव्हतो. डोक्यात राख घालून गेलो आणि थेट कॉलर धरली. तो शांतपणे म्हणाला, "भट्टी विझवतोस? विझव. मग तुझ्या मालकिणीचा बंब विझव, आईची चूल विझव. आणि तेवढा तो डोंगर जरा बाजूला सरकव." मी कॉलर सोडली.

काल तुझे बाबा लॉन्ड्रीत आले. एवढासा चढ चढून धापा टाकत बाकावर बसले. मग म्हणाले, "पोरीला पत्र लिहितोयस ना? हवा छान आहे म्हणून लिही. घर खायला उठतं रे."

"काका, तुम्हीच जा की तिच्याकडे."

"तिकडच्या उकाड्यात? माझा चहा होईल तिथे!"

आणि हसता हसता खोकला. थांबेचना. मालकीणबाईंनी पाणी आणलं. खोकला थांबल्यावर बाबांचं पहिलं वाक्य, "हे नको लिहूस."

मी म्हटलं, "हवा छान आहे, एवढंच लिहितो." आणि लिहिलं गं. अगदी सुवाच्य अक्षरात. पाकीटही चिकटवलं.

आज सकाळी धुतलेले गठ्ठे घेऊन वरच्या विश्रामगृहावर गेलो. पाकीट खिशातच होतं. तिथे लख्ख ऊन. खाली पाहिलं तर गावच नाही. दुधावर साय धरावी तसा सपाट करडा थर, आणि त्यातून फक्त पाण्याच्या टाकीचं डोकं वर आलेलं. त्या थराखाली तुझी खोली. गेल्या हिवाळ्यात तू तिथे खिडकीचे गज धरून बसली होतीस, हातात पंप, आणि मला नुसत्या बोटाने "जा" म्हणत होतीस. बोलायला श्वास उरला नव्हता.

पाकीट तिथेच फाडलं.

नोकरी घे. येऊ नकोस. चार दिवस राहायलासुद्धा सध्या नको.

बाबांना उद्या डॉक्टरांकडे नेतो. शिव्या घालतील, घालू देत. त्यांना खाली उतरवायचं आता माझ्याकडे लागलं. वेळ लागेल, तुझा हट्ट कुणाकडून आलाय ते कळतंय.

दमलोय गं. चिडायचंही त्राण नाही, म्हणजे बघ.

एकच मागणं. उत्तरात "तूही खाली ये" असं लिहू नकोस. मी त्याच दिवशी निघेन, आणि बाबा इथे एकटे राहतील.

इथूनच,
तुझा