सतरावी खुंटी

संडरलंड, मार्च १८६८

हॅना,

हे पाठवणार नाही, म्हणून खरं लिहितो.

तुझे वडील मंगळवारी गेले. शवपेटी जहाजबांधणीच्या गोदीत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या शिष्यांनीच केली. जहाजासारखी, एकही खिळा नाही, ओकच्या चोवीस खुंट्या.

मुकादम म्हणाला, "टोबी, ठोकून बघ रे. तुझ्यासारखा कान कुणाचा नाही."

"आणि खांदा?"

"तो सात वर्षं उमेदवारी केलेल्यांचा मान. तू आपला बघून बघून शिकलेला."

हेच म्हणून तुझ्या वडिलांनी मला जावई करून घेतलं नव्हतं.

हातोडीने एकेक खुंटी वाजवली. सतरावी पोकळ वाजली, म्हणजे सैल.

"सगळ्या पक्क्या," मी म्हणालो.

दफनभूमीपर्यंत ती खुंटी करकरत होती. खांदेकऱ्यांपैकी एकालाही ऐकू आली नाही. तुझ्या म्हाताऱ्याने मात्र तेवढ्यावरून पेटी खाली ठेवायला लावली असती.

उमेदवारी न केलेला,
टोबायस