नसरीनच्या वाट्याचे दोन युनिट

८ सप्टेंबर

वाटणी झाली! पहिले दोन युनिट माझे, शेवटचे दोन नसरीनचे.

राठोड सरांनी आज फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशनचा सिलॅबस लिहिला. त्यांचा खडू खाली ठेवून होईपर्यंत आमचं ठरलंसुद्धा. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून आमची ही बटई चालू आहे. पेपर निम्मानिम्मा करायचा, आपला निम्मा वाचायचा, दुसरीला शिकवायचा. दुसरीच्या युनिटला हात लावायचा नाही, हा नियम. नसरीनचं म्हणणं – "एकच गोठ दोघींनी वाचून कायले टाइम खराब करा?" आता एम.एस्सी.लाही तेच.

व्हेरिएबल वेगळे करा, इंटिग्रेटिंग फॅक्टर लावा, उत्तर काढा – हे माझ्याकडे. सिरीज सोल्युशन आणि ती एक्झिस्टन्सची थिअरम तिच्याकडे. तिनंच मागून घेतलं. अवघड दिसलं की या बाईच्या तोंडाला पाणी सुटतं!

१४ सप्टेंबर

घरी पुन्हा लग्नाचं काढलं. दारव्ह्याचं कुणीतरी स्थळ आहे. मुलगा कृषी खात्यात. आईचा तर नूरच पालटला आहे, सकाळपासून गुणगुणते आहे.

बाबांनी मात्र शब्द दिला, अगदी आईसमोर. "एमेस्सी होऊ दे तिची. पन एक बी पेपर राह्यला, त मंग मी मधात पडनार नाई. मंग तुहं अन् तुह्या मायचं." बाबांचा शब्द म्हणजे शब्द. मी हसून हो म्हटलं. मी आजवर कोणत्या पेपरात राहिले आहे?

२१ सप्टेंबर

आज रविवार, कॉलेज बंद, तरी उमरखेडला गेले. नसरीनच्या घरी बसून तिला माझे दोन्ही युनिट संपवून दिले. पुढे तिच्या अब्बांचं, अय्यूब चाचांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, मागे यांचं घर. चाचांचा ठोकठोक आवाज आणि माझा बेसूर आवाज, दोन्ही ऐकत ती शिकली. मध्येच म्हणते, "तू शिकवत नाईस, भांडतेस त्या इक्वेशनसंगं." तिच्या अम्मीनं, जमिला चाचीनं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवटची एस.टी. चुकता चुकता मिळाली.

आईला सगळं सांगितलं. कॉलेजातलं रोजचं सगळं तिला लागतं, तिच्याशिवाय मला तरी आहे कोण! "मंग तिचं कधी शिकवते?" म्हणाली. पुढच्या आठवड्यात, म्हटलं.

३० सप्टेंबर

नसरीन दोन-तीन दिवस नाही. फोन उचलत नाही. आजारी असेल.

४ ऑक्टोबर

आजारी नाही!

आली, आणि सरळ खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. आमचा बाक सोडून. मी मधल्या सुट्टीत गेले, विचारलं, सिरीज सोल्युशन कधी सुरू करायचं? माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुहं तू वाच न आता."

"काहून?"

"मले जमनार नाई."

बस. एवढंच. मला वाटलं गंमत करते आहे. मी हसलेसुद्धा.

५ ऑक्टोबर

मी काय केलं?

११ ऑक्टोबर

तिच्या घरी गेले. चाची दारातच उभी. "सो रही है बेटा." दुपारी बारा वाजता! ज्या घरात पाय ठेवला की आधी ताट वाढलं जातं, त्या घराच्या उंबऱ्यावरून आज पाणीही न पिता परतले. चाची माझ्याकडे नीट बघतसुद्धा नव्हती. आत पंखा चालू होता आणि पडद्याखाली नसरीनचे पाय दिसत होते. उभे.

घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले. आईनं केसांत तेल घातलं. "जाऊ दे बाई. आपलं ते आपलंच असते. मानूस कधी बदलंन, सांगता येते का?" मी नसरीनला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आईनं ऐकून घेतल्या. आईजवळ बरं वाटतं.

१७ ऑक्टोबर

लायब्ररीत गेले तर नसरीन शिकवत होती. अपेक्षाला! आमच्याच वर्गातली अपेक्षा, जिला आजवर ही बाई 'झोपाळू' म्हणायची. समोर वही, वहीत सिरीज सोल्युशन. माझं युनिट! म्हणजे तिचं, पण माझ्यासाठीचं.

डोक्यात नुसती तिडीक गेली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते हेच. माझे दोन्ही युनिट शिकून घेतले आणि पाठ फिरवली. केसानं गळा कापला माझा. मी तिथेच, सगळ्यांसमोर, ओरडले. बेइमान म्हटलं. "मले जमनार नाई म्हने! मंग हे काय करून राह्यली?" लायब्ररीतले सगळे बघत होते. ती वहीतच बघत राहिली. तिच्या त्या गप्प बसण्यानं अजूनच भडका उडाला आणि मी म्हटलं, "तुम्हा लोकायवर भरवसा ठेवला, हेच चुकलं माह्यं."

तेव्हा तिनं वर पाहिलं. वही मिटली, पिशवी उचलली आणि गेली.

१८ ऑक्टोबर

मला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे म्हटलं, पण तसं नाही. 'तुम्ही लोक' म्हणजे काय, कुणीही असू शकतं. उमरखेडचे लोक. हुशार लोक. ज्याला जे समजायचं ते समजू दे! सुरुवात कुणी केली?

अपेक्षा एस.टी. स्टँडवर भेटली. म्हणाली, "तू लईच बोलली व." हिला कुणी विचारलं होतं!

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळाचा डबा दरवर्षी तिच्या घरी जातो. या वर्षी आईनं भरला नाही, मीही आठवण केली नाही.

आज रागारागानं युनिट तीन उघडलं. मरो तो नियम! पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. काही म्हणजे काही कळलं नाही. मग लक्षात आलं ते भयंकर आहे – मला पुस्तक वाचताच येत नाही. मला नसरीन ऐकता येते. चार वर्षं मी निम्मं गणित तिच्या तोंडून घेतलं. पहिला वर्ग, मार्कशीट, कौतुक, आणि अंगात निम्मीच अक्कल.

हेही तिच्याच माथी. असली सवय लावून कुणी मध्येच हात सोडतं का?

२ नोव्हेंबर

दारव्ह्याचे पाहुणे येऊन गेले. पोहे खाल्ले, चहा प्याले, घरादाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मुलगा वाईट नाही. मला विचारलं, "गणित म्हणजे पुढे काय?" मी म्हटलं, पुढे अजून गणित. तो हसला, त्याची आत्या हसली नाही.

बाबांनी त्यांना स्वच्छ सांगितलं, पोरीचे पेपर निघाले तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल. ते म्हणाले, आमचं पोरगं एवढं थांबणार नाही, निकालानंतर बोलू. आईचा चेहरा उतरला. बिचारी! सकाळपासून घर सारवत होती.

म्हणजे आता सगळं या एका पेपरावर. बाकीचे निघतील. हाच राहील. आणि राहिला तर नसरीनमुळे राहील. माझ्या लग्नात तिलाच मानाची साडी नेसवावी लागेल!

८ नोव्हेंबर

राठोड सरांकडे गेले. फ्रोबेनियसच्या पद्धतीत ते दोन मुळं काढायला लावतात. विचारलं, सर, दोन मुळांत पूर्णांकाचा फरक आला तर दुसरं उत्तर का अडतं?

सर म्हणाले, "ते परीक्षेत येत नाही. आयएमपी प्रश्न तेवढे करा."

पण का अडतं, सर?

"तुमची ती मैत्रीण नसरीन, तिलाच विचारा की. तिला चांगलं येतं."

सरांनासुद्धा माहीत नाही वाटतं! मी "हो सर" म्हणून बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले. रडले नाही. आता रडू नाही, रागच येतो.

१५ नोव्हेंबर

कापूस वेचायला बायका आल्या आहेत. आई म्हणते, "चाल वावरात, डोकं मोकयं होईन." आजकाल तिचं हे फार चालू आहे. कधी वावर, कधी मामाकडे, कधी बाजार. काळजीनं म्हणते, कळतं मला. नाही गेले. माडीवर पुस्तक घेऊन बसले. एक ओळ वाचायची, वही काढायची, ती ओळ खरी का आहे हे स्वतः मांडून बघायचं. दिवसभरात दीड पान. मुंगीसुद्धा हसेल.

१९ नोव्हेंबर

जमलं!!

कळलं का अडतं! लहान मुळापासून सिरीज मांडत गेलं की पुढे एका पायरीवर ज्या आकड्यानं भागायचं, तोच शून्य होतो. म्हणून गाडी अडते, म्हणून दुसऱ्या उत्तरात लॉग आणावा लागतो. कुणी सांगितलं नाही. मी स्वतः, माझ्या हातानं, शून्यापर्यंत जाऊन बघितलं. उठून नाचलेच जरा.

आणि फोन हातात घेतला. नसरीनचं नाव काढलंसुद्धा. मग ठेवला.

एवढा आनंद झाला आणि तो सांगायला नेमकी तीच हवी असावी. हरामखोर!

३ डिसेंबर

एक्झिस्टन्सची थिअरमही बसली डोक्यात. हे इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. उत्तर काढायच्या आधी विचारायचं – उत्तर आहे तरी का? आणि असलं तर एकच आहे का? मी चार वर्षं नुसती उत्तरं काढत बसले, हा प्रश्नच कधी पडला नाही. हे युनिट तिनं स्वतःकडे का ओढून घेतलं, ते आज कळलं.

कॉलेजात ती दिसते. वाळली आहे. वाळू दे.

१० डिसेंबर

पेपर झाला. पाचही प्रश्न पूर्ण! सिरीजचा आला आणि नेमका पूर्णांकाच्या फरकाचाच आला, सरांच्या आयएमपीच्या नाकावर टिच्चून. बाहेर पोरं सरांच्या नावानं बोटं मोडत होती.

नसरीन माझ्या पुढच्या रांगेत होती. सुटल्यावर जिन्यात समोर आली. खालच्या आवाजात म्हणाली, "शेवटचा जमला का तुले?" मी म्हटलं, "तुह्या मेहरबानीनं नाई." तिला हसू आलं. खरंच हसली, डोळ्यांत पाणी घेऊन. एवढं निर्लज्ज कुणी कसं असू शकतं? मी तिच्या बाजूनं निघून आले.

घरी येऊन ओरडतच सांगितलं, पेपर फस्क्लास! बाबांनी दारातल्या दारात गुळाचा खडा हातावर ठेवला. आई "बरं" म्हणाली आणि गोठ्यात गेली. बराच वेळ आली नाही.

१४ डिसेंबर

पेपर चांगला गेल्याचं बाबांनी कळवलं होतं; दारव्ह्याचे आता निकालापर्यंतही थांबत नाहीत, असा निरोप आज आला. आई सकाळपासून भांडी आदळत होती. भाकरी थापता थापता माझ्यावरच उखडली आणि रागाच्या भरात सगळं बोलून गेली.

नवरात्रात ती उमरखेडला नसरीनच्या घरी गेली होती. चाचीसमोर नसरीनला म्हणाली, "पाहुने चवकशी करून राह्यले. पोरीचं तुमच्या घरी येनं-जानं त्यायच्या कानावर गेलं त जमनार नाई. पेपर होयेपर्यंत तिच्यापासून दूर राह्य. अन् मी आलती, हे तिले सांगू नको, तुले तुह्या मायची शपथ." मग म्हणाली, "तुहं अर्धं तिच्याजवळ असते, हे मले माईत होतं. एक पेपर राह्यला असता त काय आभाय कोसयलं असतं?"

नसरीननं शपथ पाळली. लायब्ररीत मी सगळ्यांसमोर 'तुम्हा लोकायवर' म्हटलं, तेव्हासुद्धा.