नवमीला न उघडलेली पेटी

१ ऑक्टोबर १९५६, सोमवार

मोहर लागली! मद्रासच्या खात्याची, तांबड्या लाखेची. सीताने पाने रचली, झाकण बसवले, आणि कृष्णरावांनी स्वतः मेणबत्ती धरून चारी कडांना लाख ओतली. हे सरकारी अधिकारी, मूळचे मंगळूरचे. साध्या माणसाने काही नवे शोधले तर ते तपासायचे, मदत द्यायची, अशी योजना सरकारने काढली आहे. तिचे काम यांच्याकडे.

पेटी सगळी माझ्या लेकीची. बाहेर जाळी, आत पत्रा, मध्ये ओला कोळसा, पानांखाली केळीची सोपटे. मी मुदलाळींच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, वखारीत विड्याच्या पानांच्या टोपल्या बांधतो. इथून, तंजावरकडून, हिरवी जातात, मुंबईला काळी उतरतात. मी घरी येऊन कुरकुरलो, तिने ऐकले. माझा वाटा एवढाच.

कृष्णराव म्हणाले, "दसऱ्याला येऊन मीच फोडतो. पाने टिकली तर मद्रासच्या प्रयोगशाळेत हिची जागा नक्की. शिकणं, राहणं, सगळं सरकार बघेल." मग तिला, "तोवर उघडायची नाही हं. मोहर मोडली की तुमचा नुसता शब्द उरतो."

"वरून कोळशावर पाणी घालू ना?"

"पाणी घाला."

विठ्ठला, पोरीचे एवढे होऊ दे.

३ ऑक्टोबर

शेजारच्या अलमेलू मामी परसातून — "अय्यो सीता! स्वतः खायचं नाही ते पान इतकं जपायचं कशाला गं?"

आत रुक्मिणी, सीताची आई, भांडी आपटू लागली. सीता म्हणाली, "तुमच्यासाठीच, मामी. तुमचं तोंड रिकामं राहू नये." मामी हसल्या. मीही हसलो, मग हसू गेले. सीताचा नवरा गेला त्याच दिवशी तिचे कुंकू, फूल, पान सगळे गेले. मामींना वाईट कसे म्हणू? सगळे मनात म्हणतात ते त्या मोठ्याने म्हणतात.

८ ऑक्टोबर

पापनाशमहून जानकीरामराव आले होते. सीताचे थोरले दीर. आत आले नाहीत, दाराबाहेर तिण्णैवरच, ओट्यावर, टेकले. "घरात स्वयंपाकाला माणूस नाही, मामा. सीतालक्ष्मीला घेऊन जातो."

पेटीचे सांगितले. "सरकार हिला मद्रासला नेणार? मामा, तुम्हीसुद्धा!" मग जरा नरमले. "बरं. जागा मिळाली तर मी आड येणार नाही. नाहीतर दीपावली झाली की येतो."

कबूल केले. दुसरे काय बोलणार? ती त्यांच्या घरची.

सीता दाराआड उभी होती. त्यांच्या घरी ती वर्षभर राहून आली आहे. तिथले काहीच सांगत नाही. तिथून आल्यापासून जेवताना मान वर करत नाही, एवढे मला दिसते.

१२ ऑक्टोबर, आश्विन शुद्ध अष्टमी

उद्या सरस्वतीपूजा. संध्याकाळीच पुस्तके, रुक्मिणीची कात्री, माझे दाभण देवीपुढे मांडले. पेटीही मांडली.

"अप्पा, ती राहू द्या. तिला पाणी लागतं."

"एका दिवसाने काय होतं?"

"चंदन लावलं की दशमीपर्यंत हात लावता येणार नाही."

"म्हणूनच! उद्याचा दिवस देवीचा हात असू दे तिच्यावर."

मीच चंदन लावले. मोहरेवरही एक बोट कुंकू.

१३ ऑक्टोबर, नवमी

कृष्णराव आज आले. आजच!

पहिल्या तारखेपासून नवी राज्ये होतात. मंगळूर म्हैसूरकडे जाते, त्याबरोबर कृष्णरावही तिकडे. कामे सोपवायची घाई, दुपारच्या गाडीने परत. "सुट्टी आहे, पण म्हटलं तुमचं राहून जायला नको."

पेटी देवीपुढे. वर शेवंतीची माळ.

मी म्हणालो, "उद्या सकाळी पूजा हलवली की लगेच —"

"उद्या मी इथे नाही."

सीताचा हात पुढे झाला. माळेपर्यंत गेला होता. मी तिचे मनगट धरले. जोरात नाही. पण धरले.

शेवटी कृष्णरावच म्हणाले, "राहू द्या. आमच्याकडेही आज हत्याराला हात लावत नाहीत. माझ्या जागी जो येईल तो फोडेल, मी सांगून ठेवतो." देवीला नमस्कार केला. प्रसादाचे हरभऱ्याचे सुंडल खाल्ले, छान झालंय म्हणाले. गेले.

रागावले असते तर मी कदाचित माळ काढली असती. इतके चांगले वागले!

१४ ऑक्टोबर, विजयादशमी

पहाटेच पूजा हलवली. सीताने आधी कोळशावर पाणी घातले. कोरडा पडला होता. माझ्याशी बोलत नाही असे नाही. "अप्पा, कॉफी," म्हणाली.

२३ ऑक्टोबर

तंजावरला जाऊन आलो. उद्योग खात्यात विचारले. "पान? मग शेतकी खातं." शेतकी खात्यात — "पेटी? मग उद्योग." पुन्हा पहिल्या ठिकाणी. टेबलामागचा म्हणाला, "पान भरलेली पेटी, असं तिसरं खातं अजून निघायचंय, सार!" शेजारचा खो खो हसला. मीही हसलो. काय करणार?

मग बिचाऱ्याने कोणाकोणाला विचारले. नियम असा की मोहर लावणाऱ्याने फोडावी, नाहीतर त्याच्या जागी आलेल्याने. आणि जागी कोणी येणार नाही. जागाच राहिली नाही. योजना राहते का, तेही ठाऊक नाही. "पहिली तारीख जाऊ द्या."

"पहिलीला दीपावली."

"मग त्यानंतर या."

त्यानंतर ती पापनाशमला असेल. हे त्याला काय सांगू!

घरी येऊन सांगितले. सीता म्हणाली, "पाणी घालते." आणि घातले.

२९ ऑक्टोबर, एकादशी

मठात भजनाला बसलो. सगळे गात होते. मी काय मागत होतो ते इथे तरी लिहितो — आतली पाने कुजलेली असू देत. काळी, लिबलिबीत. म्हणजे नवमीला काहीच हरवले नाही असे होईल.

बापाने देवाकडे मागायची ही गोष्ट?

परत येऊन पेटीला नाक लावले. ओल्या कोळशाचा वास. आणि चंदनाचा, अजून.

१ नोव्हेंबर, दीपावली

अंगाला तेल, डोईवरून ऊन पाणी. फटाके. कॉफी क्लबातल्या रेडिओवर नव्या राज्यांची भाषणे. सीताने नवे पातळ नेसले नाही. ट्रंकेत ठेवले.

४ नोव्हेंबर, रविवार

जानकीरामराव आले आहेत. तिण्णैवर बसलेत.

सीता म्हणाली, "आता कोणासाठी बंद ठेवू?" उलथन्याने मोहर फोडली. वरचा थर काळा. माझा जीव भांड्यात पडला — देवा, क्षमा कर. तिने तो थर उचलला. खाली हिरवी. करकरीत हिरवी, तळापर्यंत. बघायला आम्ही तिघेच.

मी एक पान घेतले. पुसले, शीर काढली, चुना लावला, सुपारी ठेवून विडा केला. देवापुढे ठेवणार असे रुक्मिणीला वाटले. मी तो सीताच्या हातावर ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडात घातला.

बाहेरून हाक आली, "मामा, गाडीची वेळ झाली!"

मी दारात गेलो. म्हणालो, "थांबा. सीता पान खाते आहे."