हक्काचं माणूस

३ जून

हक्क आहे म्हणे माझा! कायदाच आहे. संस्थेत वाढताना ज्यांचा छळ झाला, त्यांना समुपदेशन मिळालंच पाहिजे. तेही फुकट, आणि आपण पुरे म्हणेपर्यंत. सरकारी कार्यालयातली बाई वाचून दाखवत होती, मी नुसती मान हलवत होते. दया नाही, हक्क. दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवतानाही तो शब्द मनात घोळत होता.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. मी अनाथालयात वाढले एवढंच त्यांना ठाऊक होतं. गाद्यांच्या खोलीचं आज सांगितलं. अंथरूण ओलं झालं की मोठ्या बाई तिथे कोंडायच्या. दिवसभर. पाणीसुद्धा नाही. ह्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणून तू न्हाणीघराची कडी लावत नाहीस?"

१० जून

सरकारी बाईने पत्ता दिलेल्या समुपदेशन केंद्रात पहिली भेट. समुपदेशक बाई साधारण माझ्याच वयाच्या. मी न सांगता त्यांनी खोलीचं दार अर्धं उघडं ठेवलं. तिथेच मला जिंकलं.

१ जुलै

आज रडले. हलकं वाटतंय.

१५ जुलै

बाईंनी विचारलं, कोंडायचे तेव्हा एकट्याच असायचात का? म्हटलं, नाही, बुटकी असायची. माझ्या शेजारच्या खाटेवरची. अंधारात आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. हल्ली ती कुठे असते, हेही विचारलं. मी भडाभडा सांगत सुटले — गाव, तिचा शिवणवर्ग, नवऱ्याला तिने यातलं काही कळू दिलेलं नाही, सगळं. बाई लिहून घेत होत्या. किती आपुलकीनं विचारतात, असं वाटलं.

२९ जुलै

बुटकीचा फोन. संस्थेची दोन माणसं तिच्या घरी येऊन गेली. नवऱ्यासमोर बसून बोलली! तिकडे असं काही घडत नव्हतं, कुणी विचारलं तर एवढं येऊन सांगा म्हणाली. नवरा दोन दिवस तिच्याशी बोलत नाहीये.

"मी कुठे असते ते फक्त तुला माहीत होतं," म्हणाली. फोन ठेवला.

३० जुलै

केंद्रात जाऊन बाईंना सरळ विचारलं. त्यांनी मान खाली घातली. केंद्र संस्थेच्याच विश्वस्तांचं. टिपणं वर पाठवावी लागतात. मला वाटलं तुम्हाला कल्पना असेल, म्हणाल्या.

कल्पना!

म्हणजे ज्यांनी कोंडलं त्यांच्याच घरात जाऊन मी रडत होते. आणि बरं वाटतंय म्हणत होते. मी ओरडलेसुद्धा नाही. पदर सावरला आणि निघाले. त्याचीच जास्त चीड येतेय.

४ ऑगस्ट

वकीलबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, संस्थेशी संबंध नसलेलं माणूस निवडायचा हक्क पहिल्यापासून तुमचाच होता. आणि तुम्ही बोललेलं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाताच कामा नये. सरकारी बाईने एवढं वाचलं, नेमकं हेच कसं राहिलं? विसरली की गाळलं, देव जाणे.

या कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीकडे तक्रार केली. संस्था काय म्हणणार, तेही वकीलबाईंनी आधीच सांगितलं — छळ झालाच नाही, मग हक्क कसला?

७ ऑगस्ट

बुटकी फोन उचलत नाही.

१९ ऑगस्ट

संस्थेने साक्षीदार उभा केलाय. बुटकी.

वकीलबाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. हे म्हणाले, तिलाही संसार सांभाळायचाय. पटतं. तिच्या घरात आग मीच लावली, तेही पटतं. पण पाठीला पाठ लावून बसलेली ती, आता त्यांच्या बाजूला बसणार? दुकानात एका आजोबांना दुसऱ्याचाच चष्मा दिला. ते तसेच घालून निघाले होते. धावत जाऊन परत आणला.

२ सप्टेंबर

सुनावणी झाली. बुटकी आत आली, मागून तिचा नवरा. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. संस्थेच्या वकिलाने विचारलं, तिथे मुलींना कधी कोंडलं जायचं का?

ती म्हणाली, "काय बोलायचं ते संस्थेच्या माणसांनी मला पढवून आणलंय. घरी ह्यांना मी खरं सांगितलं, आता तुम्हाला सांगते. मला कोंडलं होतं. आणि मलाही तो हक्क हवाय."